वहीचा रकाना

२७ फेब्रुवारी. तुमच्या ऑफिसातही होत असणारच. सकाळी एचआरचा मेल येतो. मुली नऊवारीत, मुलं फेट्यात, कॅफेटेरियात वडापाव आणि कोपऱ्यात एक माइक. कुणीतरी कुसुमाग्रजांची कविता म्हणतं, आपण टाळ्या वाजवतो, सेल्फी काढतो आणि साडेअकराच्या मीटिंगला पळतो. कवितेचा वर्षाचा कोटा पूर्ण!

यात वाईट काही नाही. मलाही नऊवारी नेसायला आवडतं. पण माणसं कवितेकडे खरोखर वळतात ती फेटा बांधलेल्या दिवशी नाही, असं माझं मत होत चाललंय. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत माझा एक मित्र होता. 'होता' म्हणजे मित्र अजून आहे, नोकरी गेली. दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर गेली. त्या रात्री साडेबाराला त्याचा व्हॉइस मेसेज आला. मला वाटलं आता रडणार, नाहीतर बॉसला शिव्या घालणार. तर हा पठ्ठ्या शाळेतल्या 'बालभारती'मधली एक कविता म्हणत होता. चालीवर! मध्येच अडकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, शेवटापर्यंत नेली आणि म्हणाला, "अजून पाठ आहे बे!" बस. होम लोनबद्दल एक अक्षर नाही.

या माणसाने दहावीनंतर कवितेचं पुस्तक हातात धरलेलं नाही. हे मी पैजेवर सांगते. मग त्या रात्री त्याला लिंक्डइनच्या आधी कविता का आठवली?

उत्तर शोधायला मला पुण्याहून थेट माझ्या आजोळी जावं लागलं. आजोळ मौदा तालुक्यात. वीकेंड डेस्टिनेशन वगैरे नाही हं, आधीच सांगते. नागपूरहून भंडारा रोडने निघालात की तासाभरात कन्हान नदी लागते आणि मौदा येतं. बऱ्याच जणांना ते गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या एनटीपीसीच्या चिमण्यांमुळे माहीत असतं. २,३२० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे तिथे. बाकी धान, मिरची आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारं ऊन. आमचं गाव नदीकाठचं. मामा शेती करायचा. मामी सातवी शिकलेली आणि गावातल्या बायकांच्या भजन मंडळाची पुढारीण. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते, भजन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टाळ आणि पखवाज येतात. आमच्याकडे खंजिरी येते. तुकडोजी महाराजांची देणगी. महाराज खंजिरी वाजवत गावोगाव भजनं म्हणायचे, १९४२ साली इंग्रजांनी त्यांना तुरुंगातही टाकलं होतं, आणि आज नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तर मामीची खंजिरी ऐकलीत, की तुमच्या इअरफोनमधला बेस विसराल!

आणि मामीची एक वही होती. दोनशे पानी, वर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यात भजनं, तुकोबांचे अभंग, लग्नातली गाणी, धानाच्या रोवणीची गाणी, तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या. सगळं बॉलपेनने लिहिलेलं. लहानपणी त्या वहीला हात लावला की मार बसायचा.

२०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस. आधीच कोरोना, त्यात मध्य प्रदेशात धो धो पाऊस. तिकडचं पाणी पेंचमध्ये आलं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडले आणि पेंचचा सगळा लोंढा कन्हानमध्ये शिरला. मौदा, कामठी, पारशिवनी, कुही... नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. पुढे वैनगंगेने भंडारा शहरातही घरं बुडवली. मामा-मामी आणि माझी मामेबहीण अंगावरच्या कपड्यांनिशी शाळेत जाऊन राहिले. एका वर्गात पाच कुटुंबं, आणि वर रेडिओवर सांगत होते, दोन हातांचं अंतर ठेवा!

पाणी उतरल्यावर पंचनामा करायला तलाठी आला. तरुण मुलगा होता, चांगला होता, बहीण सांगते. तोंडाला मास्क, चिखलात गुडघाभर पाय, हातात फॉर्म.

"काकू, काय काय गेलं?"

मामीने सांगितलं. मागची भिंत, दोन पोती तांदूळ, वाळवून ठेवलेली मिरची, पलंग, शिलाई मशीन, एक शेळी. तो लिहीत गेला. मग मामी म्हणाली, "आन् वही."

"कसली वही?"

"गाण्याची."

त्याचा पेन थांबला. म्हणाला, "काकू, वहीचा रकाना नाही ना यात."

आजूबाजूचे हसले. मामीही हसली म्हणे. फॉर्ममध्ये वहीचा रकाना नसतोच, आणि नसावा. पंचनामा फार कामाची गोष्ट आहे. त्याच्यामुळे टिनाची पत्रं मिळतात, धान्य मिळतं, भिंत उभी राहते. अडचणीच्या काळात आधी कविता द्या आणि मग भाकरी, असं म्हणणाऱ्या माणसाला पूरग्रस्त वर्गात एक रात्र झोपवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण घर बुडालेल्या बाईला सगळं सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरली होती, ती तिने मोठ्याने सांगितली, आणि तिचं काय करायचं हे कुणालाच कळलं नाही.

त्याच आठवड्यात कुसुमाग्रजांची 'कणा' फिरत होती. महाराष्ट्रात कुठेही पूर आला की ही कविता फॉरवर्ड होतेच. पुराने घर नेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, सर खिशात हात घालतात, तो पैसे नको म्हणतो, त्याला हवा असतो फक्त धीर. आपल्यापैकी अर्ध्या लोकांना ती कधी ना कधी पाठ होती. मीही ती बहिणीच्या फोनवर पाठवली आणि वर लिहिलं, मामीला वाचून दाखव. बहिणीने दाखवली. मामीने पूर्ण ऐकली. मग विचारलं, "त्यानं पैसे काहून नाही घेतले? पंचनामा झाला होता का त्याचा?"

मी फोनवर इतकी हसले! पण दुसऱ्या दिवशी मामीने बहिणीला ती परत वाचायला लावली. तिसऱ्या दिवशी शेजारणीला ऐकवायला लावली. पैशांबद्दलचं तिचं म्हणणं कायम होतं. तरी नदी घरात कशी शिरली हे त्या कवितेत ज्या शब्दांत आलंय, ते तिला हवं होतं. शेजारणीला ती म्हणाली, "हे आपल्याच घरचं लिव्हलं हाय." तोपर्यंत पुराबद्दल ती जे बोलत होती ते सगळं आकड्यांत होतं. किती फूट पाणी, किती पोती, किती वाजता. पहिल्यांदा ती नदीबद्दल बोलली.

आता त्या सूर्योदयाच्या फोटोंवरचे सुविचार आठवा. 'हार मानू नका', 'रात्रीनंतर पहाट होतेच' वगैरे. नोकरी गेलेल्या मित्राला त्या रात्री असे अकरा मेसेज आले होते, त्याने मोजले. एकाचंही उत्तर दिलं नाही. का, तर ते सगळे त्याला काहीतरी करायला सांगत होते. उठ, लढ, हस, अपस्किल हो. त्याच्या बाजूने कुणीच बोलत नव्हतं. शाळेतली कविता निदान त्याच्या बाजूला बसून होती, आणि तिला त्याच्याकडून काही नको होतं.

आपल्याकडे ही सोय फार जुनी आहे. जातं आठवा. आता ते रिसॉर्टच्या लॉबीत फुलं ठेवायला वापरतात, पण एके काळी पहाटे चारला उठून बायका त्यावर दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या. सासूबद्दल, नवऱ्याच्या माराबद्दल, माहेराबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल. दिवसा यातलं एक वाक्य बोलायची टाप नव्हती. तेच ओवीत म्हटलं की चालायचं, कारण ओवी कुणाची एकीची नसते! विचारलंच कुणी तर, "मी कुठे म्हणते, गाणंच तसं आहे." पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाच्या वर! २०१७ पासून 'पारी'ने त्या ऑनलाइन आणल्यात, ऐकताही येतात. एखाद्या रविवारी ब्रंच झाल्यावर ऐकून बघा. हसत हसत सुरुवात कराल, तिसऱ्या ओवीला गप्प व्हाल.

खानदेशातल्या बहिणाबाईंचं तरी काय वेगळं? लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात पोरं, शेतीची कामं. त्या काम करता करता रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एकाने त्यातलं काही टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ते अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. जगायला कठीण असलेल्या काळात त्या बाईने कविता 'वाचली' नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती तिच्या तोंडात होती.

विदर्भातलं दुसरं उदाहरण नागपूरच्या दीक्षाभूमीवर दर वर्षी डोळ्यांनी दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला ते गेले. नुकतं घर बदललेल्या माणसांचा बापच गेला, असं ते होतं. त्यानंतर गावोगाव, वस्त्यावस्त्यांत जे टिकलं त्यात गाण्यांचा वाटा केवढा मोठा! वामनदादा कर्डकांसारखा माणूस, ज्याला स्वतःला अक्षरओळख मोठेपणी झाली, तो गावोगावी गात फिरला. ज्या आयाबायांना पेपर वाचता येत नव्हता, त्यांना बाबासाहेबांचं चरित्र गाण्यांतून पाठ होतं. मौद्याकडूनही दर वर्षी गाड्या भरून लोक दीक्षाभूमीवर जातात आणि येताना गाण्यांची पुस्तकं घेऊन येतात. भेळ-पाणीपुरीपेक्षा जास्त गर्दी पुस्तकांच्या स्टॉलवर असलेली जत्रा तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिलीय का? मी नाही.

मामीच्या वहीकडे परत येते. तिच्या वहीत तुकोबा सगळ्यात जास्त होते, आणि गंमत म्हणजे वही बुडण्याचा सगळ्यात प्रसिद्ध अनुभवही तुकोबांच्याच नावावर. १६३० च्या आसपासच्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला. बायको अन्नासाठी टाहो फोडत गेली हे त्यांनीच एका अभंगात सांगून ठेवलंय, आणि तेही इतक्या कमी शब्दांत की पेपरवाल्या माणसाला लाज वाटावी. व्यापार बुडाला, गावात अब्रू गेली. आणि तिथून कविता सुरू झाली. पुढे त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी कथा. चमत्कार न मानणारे लोक म्हणतात, वह्या कसल्या तरतात, अभंग गावाला पाठ होते म्हणून तरले. लहानपणी मला हे स्पष्टीकरण फारच बेचव वाटायचं. आता तोच मला मोठा चमत्कार वाटतो.

कारण पुढे मौद्यात मी तेच होताना पाहिलं, चमत्काराशिवाय. त्या दिवाळीनंतर धान कापून झाल्यावर मामेबहिणीने नवी वही आणली. तिचं बी.कॉम. ऑनलाइन चालू होतं, म्हणजे फोन खिडकीत ठेवून नेटवर्क शोधणं चालू होतं. संध्याकाळी मंडळातल्या बायका छपरीत जमायच्या आणि ती लिहून घ्यायची. एकीला पहिली ओळ आठवायची, दुसरीला तिसरी. मग दोघी भांडायच्या, आणि कोपऱ्यातली ऐंशीची आजी दात नसलेल्या तोंडाने मधली ओळ म्हणून टाकायची. म्हणताना चाल लागायची आणि चाल लागली की पुढचे शब्द आपोआप यायचे. नुसतं बोलून आठवायचं नाही! हे तुम्हीही करून बघा. पाढे म्हणायचे तेव्हाही तसंच व्हायचं. महिनाभरात वही तीन चतुर्थांश भरली.

मी त्या वेळी काही दिवस गावी होते. एका संध्याकाळी ते बघत बसले असताना मला अॅना अख्मातोवा आठवली. मास कॉमच्या वर्गात एका सरांनी तिच्याबद्दल सांगितलं होतं. स्टालिनच्या काळात तिच्या मुलाला अटक झाली आणि ती लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर महिनोन्महिने रांगेत उभी राहिली, तिच्यासारख्याच इतर बायकांसोबत. त्यावर तिने 'रेक्विएम' लिहिलं. घरात कागद सापडला असता तर जीव गेला असता. म्हणून ती कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहायची, मैत्रीण त्या वाचून पाठ करायची आणि मग कागद अॅश-ट्रेमध्ये जाळायचा. काही मोजक्या बायकांच्या डोक्यात ती कविता कित्येक वर्षं राहिली. १९६३ मध्ये परदेशात छापली गेली, आणि तिच्या स्वतःच्या देशात तर १९८७ मध्ये. आपल्याकडे सावरकरांनी अंदमानात तेच केलं. कागद-पेन्सिल नाही म्हणून कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरायच्या आणि पाठ करायच्या. राजकारण क्षणभर बाजूला ठेवा. एवढ्या हालात त्या कोठडीतल्या माणसाला कोलू ओढल्यावर झोप काढायची सोडून ओळी पाठ कराव्याशा वाटतात, हे मला जास्त चक्रावून टाकतं. आणि कादंबरी अशी पाठ करता येत नाही, हेही खरं. तुरुंगात, पुरात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सोबत काय येऊ शकतं? जे डोक्यात मावेल ते.

नवी वही भरत आली आणि २०२१ चा एप्रिल आला.

नागपूरचा तो एप्रिल ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. मामाला आधी ताप, मग दम. गाडी करून नागपूरला नेलं, दोन दिवस बेड शोधण्यात गेले, सहाव्या दिवशी मामा गेला. पीपीई किट घातलेल्या माणसांनी सगळं उरकलं. मामेभाऊ लांबून उभा होता. मामीला मामा दिसलाच नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका येतात. येतात म्हणजे दारातूनच गळा काढत येतात, घरच्या बाईला मिठी मारतात आणि दोघी एकत्र रडतात. ते रडणं नुसतं हुंदक्यांचं नसतं बरं. त्यात शब्द असतात, लय असते. गेलेल्याला हाक मारून विचारतात, तू असा कसा गेलास, धान कोण कापणार, पोरीचं लग्न कोण लावणार. शहरातून गेलेल्या आम्हा मुलींना लहानपणी ते बघून ऑकवर्ड व्हायचं. नाटकी वाटायचं. आता वाटतं, किती शहाणी रीत! एकटीला जे जमत नाही ते दहा जणी मिळून करून घेतात.

त्या एप्रिलमध्ये कुणीच आलं नाही. येऊ शकत नव्हतं. मामी, बहीण, भाऊ, तिघंही पॉझिटिव्ह, दाराला पट्टी. शेजारणी डबा कुंपणापाशी ठेवून परत जायच्या. मामी आठ दिवस रडली नाही. बहीण रोज फोनवर मला तेच सांगायची, आई रडत नाहीये, आई फक्त भांडी घासते. घासलेली भांडी परत घासते. मी पुण्यात वन-रूम-किचनमध्ये बसून लोकांच्या ऑक्सिजनच्या रिक्वेस्ट पुढे पाठवत होते आणि स्वतःच्या मामीशी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. शब्दांवर पोट भरणारी मी! "काळजी घे" याच्यापुढे गाडी जात नव्हती.

नवव्या दिवशी रात्री बहिणीचा फोन आला. बोलली काहीच नाही, फोन नुसता धरून ठेवला. आधी कुत्री भुंकल्याचा आवाज, मग खंजिरी. लांबून. मंडळातल्या बायका आपापल्या छपरीत बसल्या होत्या, जिची तिची जागा, मध्ये रस्ता आणि कुंपणं, आणि तिथूनच त्यांनी भजन सुरू केलं होतं. एका छपरीतून ओळ उठायची, दुसऱ्या छपरीतून उचलली जायची. पाच-सात घरांत पसरलेलं भजन! एकत्र लागत नव्हतं, कुणी पुढे, कुणी मागे. दोन भजनं झाली. तिसऱ्या भजनाला आमच्या घरातून आवाज आला. मामीचा. घसा बसलेला, खोकला येतोय, पण सूर पक्का. तिने धृपद म्हटलं, पहिलं कडवं म्हटलं, दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, आणि मग ती जी रडली...

बाकीच्या थांबल्या नाहीत. त्यांनी भजन पुढे नेलं. ती रडून होईपर्यंत तेच कडवं फिरवत राहिल्या.

त्या भजनात मामाचं नाव नव्हतं, कोरोना नव्हता, काही नव्हतं. देहाबद्दलचं, नेहमीचं, शंभर वेळा म्हटलेलं भजन. नंतर कधीतरी मी मामीला विचारलं, त्या रात्री नेमकं काय झालं गं? तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "माह्याजवळ बोल नव्हते ना माय. तिथं बोल तयार होते. म्हून बोलता आलं." थोड्या वेळाने म्हणाली, "आन् मी थांबली तं दुसऱ्या म्हनत होत्या."

यापेक्षा चांगलं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. आपण समजतो की कठीण काळात माणसाला स्वतःच्या मनातलं मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. काउन्सेलरही तेच सांगतात, आणि ते खोटं नाही. पण काही वेळा मनातलं बोलायला मनात शब्दच नसतात. तेव्हा उसने चालतात. उसने असले की जरा लाजही कमी वाटते.

आता तुम्ही म्हणाल, हे गावाकडे ठीक आहे, आमच्या टॉवरमध्ये कुठल्या छपऱ्या आणि कुठलं भजन? बरोबर आहे. पण आपली माणसंही आहेत की! नागपूरकरांना ग्रेस सांगायला नकोत. माणिक गोडघाटे या नावाचा हा माणूस आयुष्यभर 'दुर्बोध, दुर्बोध' म्हणून ऐकून घेत राहिला. पण 'महाश्वेता' मालिकेचं त्यांचं शीर्षकगीत लताबाईंच्या आवाजात लागलं की आईच्या वयाच्या बायका हातातलं काम सोडून उभ्या राहतात. विचारा अर्थ. नाही सांगता येत. पण कशाबद्दल आहे ते त्यांना बरोबर कळलेलं असतं. सुरेश भटांचं तर रेशीमबागेत केवढं मोठं सभागृह आहे. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेला हा माणूस, त्याचं 'सिंहासन' सिनेमातलं १९७९ चं गाणं आजही मोर्चात कानावर पडतं, आणि मोर्चातल्या निम्म्या लोकांचा तेव्हा जन्म झालेला नसतो.

आणि बदलीला वैतागलेल्यांसाठी आमच्या जिल्ह्याची खास भेट म्हणजे 'मेघदूत'! मौद्याहून रामटेक लांब नाही. कालिदासाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं मानतात. कथा काय, तर कामात हलगर्जी केली म्हणून यक्षाला साहेबाने वर्षभर घरापासून लांब टाकलं. फॅमिली सोबत न्यायची परवानगी नाही. पाऊस सुरू झाला आणि याला बायकोची आठवण अनावर झाली, तेव्हा तो ढगालाच निरोप देतो. कोरडं तथ्य काढलं तर एचआरच्या फाइलमध्ये चार ओळींत मावेल अशी केस आहे. दीड हजार वर्षं लोक ती वाचतायत.

मित्राला नवी नोकरी लागली, चार महिन्यांनी. पगार थोडा कमी. मी त्याला विचारलं, त्या रात्री ती कविता का म्हटलीस? म्हणाला, "माहीत नाही यार. सगळं हातातून जाऊन राहिलं होतं, म्हटलं बघू तरी अजून आपल्याकडे काय आहे." आणि लगेच विषय बदलला. मुलांचं असंच असतं.

मामीची नवी वही आता पूर्ण भरलीय. फक्त एका रोवणीच्या गाण्यात दोन ओळींची जागा कोरी आहे. गाणं सासरी राबणाऱ्या मुलीचं. कोपऱ्यातल्या आजीला त्या ओळी येत होत्या, पण लिहून घ्यायच्या आधीच, मागच्या उन्हाळ्यात, आजी गेली. आता एकीचं म्हणणं, तिथे भाऊ तिला न्यायला येतो. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या सुनेचं म्हणणं, छे, आमच्याकडे भाऊ येतच नाही, नदीला पूर असतो, तो पल्याड उभा राहून हाक मारतो. दिवाळीत गेले होते तेव्हा दोघींचं जोरात जुंपलं होतं. बहीण पेन घेऊन बसलेली, मामी खंजिरीवर बोटं वाजवत दोघींचं ऐकत होती, आणि म्हणत होती, "घाई नोको करू, आधी म्हनून पाहू."